अनामत

सुप्याच्या पलीकडे, पारनेरच्या माळावर एका वहिनीचं आणि तिच्या दिराचं रान बांधाला बांध लागून होतं. दोन्ही बरड. वर हातभर तांबडी माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. पाऊस पडला तर बाजरी, मटकी, हुलगा. नाहीतर नुसती कुसळी. रस्त्याच्या भरावाला मुरूम हवा म्हणून ठेकेदार दारात आला, तेव्हा दोन्ही घरांना हायसं वाटलं.

दिराने एका बैठकीत सौदा केला. ब्रासमागे दर ठरला, इसार घेतला आणि आठवड्याच्या आत पोकलेन रानात उतरलं.

वहिनी ठेकेदाराला रानात घेऊन गेली. "दादा, मशीन परत जाईल त्या दिवशी माझं रान कसं दिसंल, ते आधी सांगा."

"मावशी, तहसीलचा परवाना मी काढतो, स्वामित्वधन मी भरतो. तुम्हाला कसली काळजी?"

"परवाना खोदायचा हाय. मी त्याच्या नंतरचं विचारते."

बहात्तरच्या दुष्काळात आईबरोबर ती खडी फोडायला जायची. काम संपलं, मुकादम गेला, दगडाची खाण तशीच उघडी राहिली. पुढे पाणलोटाच्या कामावर तिने माळाला सलग समतल चर खोदले, तेव्हा तिला कळलं की आपल्या विहिरीचं पाणी पाषाणात नसतं, त्याच्यावरच्या मुरमात मुरलेलं असतं. तो मुरूम पार खरवडून नेला तर रानाबरोबर विहीरही जाते. नगर जिल्ह्यासारख्या कमी पावसाच्या मुलखात हे प्रत्येक सौद्याच्या आधी बोललं गेलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

तिने अटी घातल्या. वरची माती आधी काढायची, वाळलेली असतानाच, आणि बांधाकडेला वेगळी रचायची. ढीग छातीच्या वर न्यायचा नाही, आतली माती मरते. त्यावर ताग पेरायचा. पाषाण लागेपर्यंत जायचं नाही, तळाला पुरुषभर मुरूम ठेवायचा. बांधापासून लांब राहायचं. कडा सरळ तासायची नाही. फूटभर खोलीला दोन फूट पसारा, म्हणजे जनावर आत उतरलं तरी चालत वर येईल. डंपरच्या चाकांनी दाबलेला तळ जाताना पोकलेनच्या दातांनी उकरून द्यायचा आणि त्यावर माती पसरायची.

"एवढं सगळं करून मला काय उरणार, मावशी?"

"दर कमी द्या. पण वर अनामत ठेवा, गावातल्या दोन माणसांसमोर. माती पसरून दिली की तुमची रक्कम तुम्हाला."

दिराला हे पटलं नाही. "वहिनी, लक्ष्मी दारात आल्यावर तिला अटी घालतात का?"

लहानशा खाणीने काय बिघडतं, असं तोही म्हणत होता. सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ रोजी दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात नेमकी हीच समजूत मोडली आणि पाच हेक्टरांहून लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी लागेल असं सांगितलं. एकेक खड्डा लहान असतो, पण शिवारात ते शेजारी शेजारी पडत जातात.

माती काढायच्या दिवशी आदल्या रात्रीचा वळीव झालेला होता. वहिनी पोकलेनपुढे उभी राहिली. मातीचं ढेकूळ तिने मुठीत दाबलं आणि चालकाला दाखवलं. बोटांचे ठसे उठले होते. "आज नको. आज उचलली तर विटेसारखी बसंल." चालक चरफडला, मशीन दोन दिवस दिराच्या रानात चाललं.

पुढचं सगळं वर्षभरात आटोपलं. ठेकेदाराला अनामत हवी होती, म्हणून तळ उकरला गेला, मातीही पसरली. वहिनीचं रान पहिल्यासारखं झालं नाही, हे सांगितलंच पाहिजे. पहिल्या साली ताग गाडला, दुसऱ्या साली मटकी आली ती विरळच. पण उतारावर मारवेल धरला आणि पावसाचं पाणी तळात थांबून मुरू लागलं.

दिराच्या रानात चार बाजूंना उभी कडा आणि मध्ये हिरवं पाणी. पाषाणापर्यंत मुरूम गेला होता. वरची माती कुठल्यातरी रस्त्याखाली दाबली गेली होती. त्याच्या विहिरीला पूर्वी होळीपर्यंत पाणी असायचं, आता संक्रांतीलाच तळ दिसला. तिसऱ्या पावसाळ्यात कडा ढासळून गाय आत पडली.

तेव्हा तो वहिनीकडे आला. "पाझर तलावाचा गाळ काढतायत. गाळमुक्त धरणाच्या योजनेत मिळंल म्हणतात. ट्रॉल्या आणून खड्ड्यात ओतू का?"

ती त्याच्याबरोबर रानात गेली. "आत्ता ओतलात तर पहिल्या पावसात तळाला बसंल, उरलासुरला पाझरही बंद करील. आधी कडा पाडून उतार करा. वरून येणारं पाणी चर काढून बाजूला वळवा. मग कडंचा मुरूम तळाला लोटा. गाळ सगळ्यात शेवटी, वरच्या थराला."

"उतार करायचा कुठं? बांधापर्यंत खोदून बसलोय मी."

वहिनीने बांधावरून आपल्या रानाकडे पाहिलं.

"माझ्या बाजूनं पंधरा फूट घ्या, भावजी. पण तिथली वरची माती आधी बाजूला काढायची, आणि ती मी समोर उभी राहून काढून घेणार."