हया आणि मौन

गेल्या हिवाळ्यात हातकणंगले येथे थोरल्या बंधूंकडे मुक्काम होता. एके रात्री इशाच्या नमाजनंतर घरातील मंडळी ‘ध्यासपर्व’ पाहत बसली. र. धों. कर्वे यांच्या जीवनावरील हा अमोल पालेकर यांचा २००१ सालचा चित्रपट. संततिनियमनाचा विषय निघताच बंधू उठले आणि टीव्ही बंद केला. “मुली बसल्या आहेत, काही हया आहे की नाही?”

सर्वजण गप्प राहिले. मात्र त्या रात्री भाभींनी माझ्या पत्नीजवळ मन मोकळे केले. लहानपणी पहिली पाळी आली तेव्हा आपल्याला एखादा असाध्य रोग जडला, या भीतीने त्या एकट्याच रडत बसल्या होत्या. आईने कपडा हाती दिला. सांगितले काहीच नाही. भाभींच्या संमतीने हे लिहीत आहे, कारण अशी आठवण अनेक घरांत दडलेली असेल.

ज्याला आपण हया म्हणतो, ती खरोखर हया असते काय?

प्रथम कर्व्यांविषयी. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे हे चिरंजीव गणिताचे प्राध्यापक होते. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि या कार्यापायी विल्सन महाविद्यालयातील नोकरी गमावली. जुलै १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. अश्लीलतेचे खटले भरले गेले, दंड झाला. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. पत्नी मालतीबाईंनी ही ओढग्रस्त अखेरपर्यंत सोबत सोसली.

कर्वे ईश्वर मानत नव्हते आणि विवाहबाह्य संबंध स्वेच्छेचा असेल तर त्यात त्यांना अनीती दिसत नव्हती. येथे आमचा मार्ग त्यांच्यापासून पूर्णतः वेगळा आहे. इस्लामने या नात्याला निकाहची मर्यादा घातली आणि त्या मर्यादेत त्याला पुण्याचा दर्जा दिला. परंतु एखाद्या समूहाशी असलेल्या वैरापायीही न्याय सोडू नये, अशी आज्ञा सूरह अल्-माइदाच्या आठव्या आयतीत आहे. मग मतभेदापायी तो कसा सोडावा? अज्ञानामुळे स्त्रियांचे आरोग्य व आयुष्य उद्ध्वस्त होते, हे कर्व्यांचे म्हणणे खरे होते. सत्य कोणाच्याही मुखातून आले तरी ते सत्यच असते.

शिवाय हे सत्य आम्हाला नवे नव्हते. हजरत उम्मे सुलैम (र.) यांनी स्त्रीच्या स्नानाविषयीचा अत्यंत नाजूक प्रश्न प्रेषित मुहम्मद (स.) यांना समक्ष विचारला आणि त्यांना उत्तर मिळाले. अन्सारी स्त्रियांची लज्जा धर्मज्ञानाच्या आड आली नाही, म्हणून हजरत आयेशा (र.) यांनी त्यांची प्रशंसा केली. अज्ल, म्हणजे गर्भधारणा टाळण्याची तत्कालीन रीत, हिची चर्चाही हदीसमध्ये आहे; इमाम गजाली यांनी तिच्यावर सविस्तर लिहिले आहे.

एक प्रसंग तर मार्गदर्शकच आहे. पाळीनंतरच्या शुद्धीविषयी एका स्त्रीने प्रेषितांना (स.) विचारले. त्यांनी थोडक्यात सांगितले. तिला उमगले नाही, तिने पुन्हा विचारले. प्रेषितांनी (स.) संकोचाने मुख वळवले. तेव्हा हजरत आयेशा (र.) यांनी तिला जवळ ओढून सर्व समजावले. हया आणि ज्ञान, दोन्ही त्या एका क्षणात एकत्र नांदतात. संकोच राखला गेला आणि प्रश्न विचारणारी रिकाम्या हाती परतली नाही.

बंधूंचा संकोच मला कळतो. साऱ्या कुटुंबाने एकत्र बसून पाहण्याजोगे सर्वच नसते. त्यांनी टीव्ही बंद केला, हा दोष मी मानत नाही; पण त्यानंतर कोणी कोणाला जवळ घेतले नाही, ही उणीव आहे. आपण गप्प राहिलो की मुले मोबाईलकडे वळतात, आणि तेथे हयाही नसते, हितचिंतकही नसतो. मातेने मुलीला, पित्याने पुत्राला, वयाला साजेशा शब्दांत, वेळेपूर्वी सांगणे ही सोपवलेली अमानत आहे.

बंधूंची धाकटी आता दहा वर्षांची आहे. भाभींनी तिला या रमजानपूर्वी जवळ बसवून सारे सांगायचे ठरवले आहे. ही गोष्ट बंधूंच्या कानावर घातली, तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “तू सांग. माझ्या आईने माझ्या बहिणींना सांगितले नव्हते.”

अल्लाह आम्हाला हयाही देवो आणि सत्य सांगण्याचे धैर्यही देवो. आमीन.