लहान मुलाचा दिवस कोणाचा?

आमच्या मंडळीच्या बालवाडीविषयी एक प्रश्न गतवर्षी माझ्यापुढे आला. वरवर पाहता तो क्षुल्लक होता. परंतु विचार करू लागलो तेव्हा मनुष्याच्या आयुष्याचे मोल कशाने ठरते, ह्या थोर प्रश्नाशी तो जाऊन भिडला. म्हणून तो आपणापुढे मांडण्याचे योजिले आहे.

आमच्या उपासनामंदिराच्या ओसरीवर तीन ते सहा वर्षांची वीस-बावीस मुले रोज सकाळी जमतात. बाई त्यांना गाणी व गोष्टी शिकवितात, हातपाय धुण्याची सवय लावितात आणि दर बुधवारी त्यांना रांगेने गावाबाहेरील ओढ्यावर घेऊन जातात. एका रविवारी उपासना आटोपल्यावर खडीच्या खाणीत मजुरी करणारे आमच्या मंडळीतील एक गृहस्थ मजजवळ आले व म्हणाले, "पाळकसाहेब, पोरीला दोन अक्षरं यावीत म्हणून मी धाडतो. तिला ओढा काय दाखवायचा? मी लहानपणी गुरं राखली. तो ओढा मला पाठ आहे. त्यानं मला काय दिलं? मजुरी घेताना अजून अंगठाच उठवावा लागतो."

हा प्रश्न अज्ञानाचा आहे असे जो म्हणेल, त्याने तो नीट ऐकलाच नाही असे मी समजतो. धनिकाचे मूल उशिरा वाचू लागले तरी त्याला सावरावयास घर आहे, पुस्तके आहेत, शिकवणी आहे. मजुराच्या मुलाला वर चढण्यास एकच शिडी आहे, आणि तिची पहिली पायरी अक्षर ही होय. त्या शिडीशी पोहोचण्याच्या वेळात जर कोणी त्यास पाने वेचावयास लावीत असेल, तर बापाने विचारू नये काय?

मजजवळ तेव्हा उत्तर नव्हते. उत्तर नसता मनुष्य पुष्कळदा हुकूम देतो. मीही तसेच केले. बाईंना बोलावून बुधवारचे जाणे बंद करावयास सांगितले व त्या वेळात पाटीवर अक्षरे गिरवून घ्यावी असे ठरविले. बाईंनी वाद घातला नाही. दोन महिन्यांनी त्या एवढेच म्हणाल्या, "आपण ओढ्यावर आमच्याबरोबर एकदाही आला नाहीत. एक दिवस चला, मग कायमचे बंद करा."

मी गेलो. वाटेत मुलांनी कडुनिंब, बाभूळ, करंज व रुई ह्यांची पाने गोळा केली आणि काठच्या खडकावर त्यांचे निरनिराळे ढीग केले. कोणता ढीग मोठा, ह्यावर दोघांत तंटा झाला. तो मोजूनच मिटला. एकाने खेकड्याचे बीळ दाखविले. त्यात हात घालावा की नाही ह्याचा सर्वांनी खल केला. त्या मजुराची मुलगी ओसरीवर सहसा तोंड उघडीत नसे. ती पाण्याकडे बराच वेळ पाहत राहिली आणि बाईंना म्हणाली, "आपण झोपल्यावरबी ह्ये वाहतं का?" बाई म्हणाल्या, "तुला काय वाटतं?" ती म्हणाली, "वाहत असंल. नायतर सकाळी येवढं पाणी कुठनं आलं असतं?"

मी सेमिनरीत तर्कशास्त्र शिकलो आहे. दिसते त्यावरून न दिसणाऱ्याचे अनुमान करणे, हा त्या शास्त्राचा पहिला धडा होय. पाच वर्षांच्या पोरीने तो माझ्या देखत ओल्या खडकावर बसून केला, आणि मी तो दोन महिने बंद ठेविला होता.

येथून माझा विचार सुरू झाला. प्रथम असे दिसून आले की, अक्षर आणि ओढा ह्यांत वैर नाही. अक्षर हे शब्दाचे चित्र आहे. ज्याच्या मनात शब्दच थोडे, तो अक्षर ओळखूनही काय वाचणार? पवित्र शास्त्रातही आदामापुढे प्रथम ग्रंथ ठेविलेला नाही. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव त्याच्यापुढे पशुपक्षी आणितो आणि तो त्यांस कोणती नावे देतो हे पाहतो. आपला प्रभूही देवाच्या पालनाविषयी शिकविताना आकाशातील पाखरे व रानातील फुले ह्यांकडे बोट दाखवितो. जो ती पाहावयास शिकला नाही, त्याला तो दृष्टांत केवळ ऐकीवच राहील.

हा श्रीमंतांचा शौक आहे, अशीही शंका कोणी घेईल. इतिहास ह्याच्या उलट सांगतो. फ्रान्सच्या पूर्वेस व्होज पर्वतातील वाल्डर्सबाख ह्या गरीब खेड्यात योहान फ्रेडरिक ओबर्लिन (१७४०–१८२६) नावाचे एक पाळक होते. आईबाप कामास गेल्यावर उघडी पडणाऱ्या लहान मुलांसाठी त्यांनी त्याच खोऱ्यातील तरुण स्त्रियांच्या साह्याने वर्ग चालविले. तेथे विणकाम व शास्त्रातील गोष्टी तर होत्याच, पण रानात हिंडून वनस्पती ओळखावयासही मुलांना शिकवीत. आपल्याकडील पंडिता रमाबाई अमेरिकेत असताना फ्रेबेलच्या बालोद्यानपद्धतीचा मुद्दाम अभ्यास करून आल्या, तो अनाथ व विधवा ह्यांच्या उपयोगासाठी. पुढे ताराबाई मोडक ह्यांनी १९४५ साली बोर्डी येथे आणि १९५७ पासून अनुताई वाघ ह्यांच्यासह कोसबाड येथे आदिवासी मुलांमध्ये हेच काम मांडिले. महाग साधनांच्या जागी त्यांनी शिंपले, खडे व बिया वापरल्या; आणि जी मुले गुरांमागे जात, त्यांच्यासाठी शाळाच कुरणात नेली. शासनाच्या २०२० च्या शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ वर्षांच्या काळास शिक्षणाचा पाया मानून त्यात खेळ व प्रत्यक्ष कृती ह्यांस स्थान दिले आहे.

परंतु बंधूंनो, एवढ्यावर मी थांबलो तर मुख्य गोष्ट राहून जाईल. ओढा पुढील वाचनास उपयोगी पडतो म्हणून चांगला, असे म्हणणे म्हणजे लहान मुलाचा दिवस हा केवळ पुढल्या दिवसासाठी घेतलेले कर्ज आहे असे कबूल करणे होय. ते खरे आहे काय? मी पाळक आहे. मी मुलांची प्रेतेही मातीस दिली आहेत. ज्या बालकास आम्ही पाचव्या वर्षी मातीत ठेविले, त्याचे सर्व आयुष्य निव्वळ तयारीच होते काय, आणि ज्याची तयारी केली ते कधी आलेच नाही म्हणून ते व्यर्थ गेले काय? त्याच्या आईपुढे उभे राहून असे म्हणावयास कोण धजेल? त्या बालकाने सूर्य पाहिला, पाण्यात पाय घातले, कोणाचे तरी बोट धरून ते चालले आणि हसले. हे सर्व देवापुढे संपूर्ण होते. प्रभूने लेकरास शिष्यांच्या मध्ये उभे केले, ते पुढे मोठे होऊन काय होईल हे दाखविण्यासाठी नव्हे. ते आज, आहे त्या स्थितीत, स्वर्गाच्या राज्याचा धडा होते म्हणून. तेव्हा मुलाचा आजचा दिवस आईबापांचा नव्हे, शाळेचा नव्हे, पुढल्या नोकरीचाही नव्हे. तो देवाने त्या मुलासच दिलेला आहे. आम्ही त्याचे राखणदार आहो.

आता त्या बापाच्या प्रश्नाकडे पुन्हा वळतो. कारण त्याने ओढा लहानपणी पाहिलाच होता, मग त्यास काही का मिळाले नाही? हे कोडे त्यानेच उलगडले. बाईंच्या आग्रहावरून तो एका बुधवारी मुलांबरोबर गेला. बाई काठच्या सर्व हिरव्यास गवतच म्हणत होत्या. तो म्हणाला, "बाई, हे सगळं एक नाही. ही हराळी, हा कुंदा, हा मारवेल. मारवेल जनावर आवडीनं खातं." मुले त्याच्याभोवती जमली व एकामागून एक काडी त्याच्यापुढे धरू लागली. परतताना तो मला म्हणाला, "पाळकसाहेब, हे मला येतं हे मलाच ठाऊक नव्हतं. कुणी कधी विचारलंच नाही."

कुणी कधी विचारले नाही! ओढा तोच होता. परंतु त्या गुराख्यास विचारणारे कोणी नव्हते, आणि त्याने सांगितले असते तर ऐकून घेणारेही नव्हते. मुलांस बाहेर नेणे व मुलांस बाहेर सोडणे ह्यांत अंतर आहे ते हेच. जी बाई आधी वाट पाहून ठेविते, मुले मोजून नेते व मोजून आणिते, प्रश्न करिते आणि उत्तर ऐकण्यास थांबते, तिच्यासंगे गेलेले मूल शाळेतच आहे. जी झाडाखाली बसून वेळ काढिते, तिच्या बाबतीत त्या बापाची तक्रार पूर्णपणे खरी आहे.

आमच्या येथे बुधवार पुन्हा सुरू झाला आहे. त्या बापाने माझ्याकडून एक कबुलीही घेतली आहे: त्याची मुलगी सहा वर्षांची होऊन शाळेत जाईल तोवर तिला स्वतःचे नाव लिहिता आले पाहिजे. ती कबुली मी आनंदाने दिली. कारण शिडीविषयी तो जे बोलला ते अजूनही खरेच आहे, आणि ओढ्याचे निमित्त सांगून गरिबाच्या मुलास अक्षरापासून वंचित ठेवणे हेही पापच होय. आता बाई परत आल्यावर ओल्या मातीत बोटाने 'पान' व 'पाणी' लिहून दाखवितात.

वडीलजनहो, पुढील सभेत बालवाडीचा खर्च निघेल तेव्हा पाट्या व खडू ह्यांबरोबर बाईंच्या कष्टाचाही विचार करा. आणि मातांनो, पित्यांनो, संध्याकाळी मूल घरी येईल तेव्हा आज काय शिकलास असे दरडावून विचारू नका. आज काय पाहिलेस असे विचारा, आणि हातातले काम क्षणभर बाजूस ठेवून त्याचे उत्तर ऐका. लेकरांस जवळ घेणारा प्रभू आपणा सर्वांस ऐकणारे कान देवो.