कावळ्याला काय सांगायचं?

मराठी वर्तमानपत्रांतल्या निधनवार्तेचा एक साचा आहे आणि तो इतका पक्का झालाय की त्यात कुणाचीही आई मावते. अमुक गावच्या रहिवासी सौ. तमुक यांचे अल्पशा आजाराने निधन झाले. त्या मनमिळाऊ, प्रेमळ आणि धार्मिक वृत्तीच्या होत्या. त्यांच्या पश्चात पती, मुले, सुना, विवाहित मुलगी, जावई, नातवंडे असा परिवार आहे. मुलगा प्राध्यापक किंवा नगरसेवक असला, तर ‘यांच्या त्या मातोश्री होत’ ही शेवटची ओळ, आणि तेवढंच नाव ठळक टायपात. माझी आई गेली तेव्हा भावाने हाच मजकूर फोनवरून सांगितला. त्यात खोटं काही नव्हतं. पण शेजारच्या चौकटीतल्या बाईला लागू पडलं नसतं, असंही त्यात काही नव्हतं.

दशक्रियेला घाटावर भाषणं होतात, ती आमच्या सातारा-कराडकडची रीत. आधी महाराजांचं प्रवचन, मग गावातल्या मान्यवरांची श्रद्धांजली. कृष्णा-कोयनेच्या संगमावर माईकची खरखर चालू असते, नदीवरून वारा येतो, मागे पंक्तीची घाई असते. बोलणारे मनापासून बोलत होते. मातृऋण, मातेचं काळीज, तिन्ही जगाचा स्वामी सगळं येऊन गेलं. माझी आई तेवढी आली नाही. भाषण करणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना सांगण्यासारखं आमच्याकडेच काय होतं? आम्ही भावंडं आपसात बोलायचो, तेही एकाच वाक्याभोवती फिरायचं: तिने आमच्यासाठी फार खस्ता खाल्ल्या.

या वाक्यात तिच्या नावाने आपण आपल्यालाच आठवत असतो. खस्ता तिच्या, पण त्या मोजायच्या आमच्यापासून. शिवाय ‘त्याग’ म्हटलं की ज्यांच्या वाट्याचं काम तिने केलं ते सगळे सुटतात. २०१९ साली केंद्र सरकारने देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जातात आणि तसं काम करणाऱ्या पुरुषाची ९७, असं त्यात निघालं. पाच तास आणि दीड तास. हा हिशेब बाई जिवंत असताना मांडला तर घरात भांडण होतं. ती गेल्यावर त्याच पाच तासांना आपण त्याग म्हणतो आणि हार घालतो.

धर्मशास्त्राने हा हिशेब आपल्यापेक्षा बारकाईने मांडलेला आहे, हे मला आई गेल्यावर कळलं. गयेच्या श्राद्धात आईला सोळा पिंड देतात, त्याला मातृषोडशी म्हणतात. पोटात वाढवताना, जन्म देताना, अंगावर पाजताना तिने जे जे सोसलं त्या एकेका कष्टाचं नाव घेऊन एकेक पिंड. गुजरातेत सिद्धपूरचं बिंदुसरोवर तर आईच्याच श्राद्धासाठी प्रसिद्ध आहे. त्याला मातृगया म्हणतात. सोसण्याची अशी नावानिशी उजळणी करायला लावणारा विधी मला हृद्य वाटतो. पण ती यादी मूल पायावर उभं राहिलं की संपत जाते. त्यानंतर बाई चाळीस-पन्नास वर्षं जगते. त्या वर्षांचा पिंड नाही. नवऱ्याआधी गेली असेल तर तिचं पितृपक्षातलं श्राद्ध अविधवा नवमीला, म्हणजे तिथीसुद्धा नवऱ्याकडे बघून ठरायची. माझी आई वडिलांच्या आधी गेली, तेव्हा आमच्याकडेही भाद्रपदात तीच नवमी.

मराठी माणूस आईबद्दल बोलायला लागला की साने गुरुजींपाशी येतोच. ‘श्यामची आई’ त्यांनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात, फेब्रुवारीतल्या मोजक्या दिवसांत लिहिली. पुस्तक १९३५ मध्ये आलं. अत्र्यांचा चित्रपट १९५३ चा, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळवणारा. या पुस्तकाची थट्टा करायची एक फॅशन मधे येऊन गेली. मला ती कधी पटली नाही, कारण थट्टा करणारे आणि डोळे पुसणारे दोघंही पुस्तकातलं निम्मंच वाचतात. त्यात खोताचं बुडत चाललेलं घर आहे, कर्ज आहे, वसुलीसाठी दारात येऊन वाटेल ते बोलणारा सावकाराचा माणूस आहे आणि त्याला फटकारणारी संतापलेली बाई आहे. आपण पायाला माती लागू नये म्हणून पदर पसरणारी आई लक्षात ठेवली, सावकाराच्या माणसावर कडाडणारी विसरलो. गुरुजींनी तिला लिहिलं होतं. आपण तिला गाळलं. अर्थात तिचं यशोदा हे नाव पुस्तकावर नाही, तीही कुणाची तरी आई म्हणूनच मुखपृष्ठावर आहे, ही गोष्ट उरतेच.

या सगळ्या विधींत एकच जागा अशी आहे, जिथे गेलेल्या बाईला स्वतःचं काही हवं होतं हे गृहीत धरलेलं असतं. ती म्हणजे काकस्पर्श. पिंड मांडायचा आणि कावळ्याची वाट बघायची. तो शिवेना, तर तिची काही इच्छा राहिली असं समजायचं. मग एकेक जण पुढे होतो, हात जोडतो आणि मोठ्याने सांगतो. कुणी म्हणतं, धाकट्याचं लग्न आम्ही लावून देऊ. कुणी म्हणतं, आप्पांची काळजी करू नकोस. शेवटी नाहीच आला, तर दर्भाचा कावळा करून शिववतात.

आमच्या आईच्या पिंडाला कावळा लवकर शिवेना. भाऊ म्हणाला, आप्पांना मी एकटं ठेवणार नाही. वहिनी म्हणाली, देवाचं सगळं तुमच्यासारखंच करीन. नातीचं शिक्षण झालं, गावाकडच्या घराची कौलं झाली. मी मागे उभी राहून ऐकत होते. ज्या जागी तिची इच्छा ओळखायची, तिथे आम्ही आमची कामं तिला वाचून दाखवत होतो. मग मावशी पुढे झाली. आईची पाठची बहीण, गुडघ्याने त्रस्त, दोघांच्या आधाराने. ती म्हणाली, ‘‘अगं, भिशीचा तुझा नंबर पुढच्या महिन्यात होता. ते पैसे मी आणते वसूल करून, कुणाला सोडत नाही. आणि त्यातनं आपण जायचं होतं तिथं मी जाऊन येते.’’ चारचौघं हसले, भटजीसुद्धा. कावळा नेमका कधी शिवला हे मला सांगता येणार नाही, कारण तोवर सगळे मावशीला विचारायला लागले होते: कुठे जायचं होतं?

तिने ते सांगितलं नाही. ‘‘आमचं ठरलं होतं,’’ एवढंच.

तिथून पुढे आईला शोधायची माझी दिशा बदलली. जिथे आम्ही नव्हतो, तिथली आई शोधायची. याला कागदपत्रं फार नसतात. सातबाऱ्यावर तिचं नाव नव्हतं, पासबुक आप्पांच्या जोडीनं. पण कालनिर्णय होती. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी ही दिनदर्शिका सुरू केली, तेव्हा लाखो बायकांच्या हाती आपण रोजनिशी देतोय हे त्यांच्याही मनात नसेल. आई जुनी कालनिर्णय टाकत नसे. पलंगाखालच्या पेटीत सुरळ्या करून ठेवलेल्या होत्या. एकादशी आणि चतुर्थीच्या मधल्या बोटभर चौकटींत तिचं बारीक अक्षर. दूध दोन. दूध नाही. गॅस लावला. बाईचा खाडा. वीज बिल. आप्पा पुणे. मधूनच एखाद्या चौकटीत ‘भि.’ म्हणजे भिशी. आणि मुलांच्या परीक्षांच्या आठवड्यात काहीच नाही. दूधसुद्धा नोंदवायचं राहिलेलं.

स्वयंपाकघराच्या फळीवर कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ होती. १९७० साली आलेल्या या पुस्तकाने वाटी-चमच्याच्या मापात स्वयंपाक सांगितला आणि माहेरापासून लांब संसार मांडलेल्या बायकांना सोय झाली, हे आपण जाणतोच. आईच्या प्रतीला हळदीचे डाग होते आणि समासात पेन्सिलीने शेरे होते. ‘साखर निम्मी पुरे.’ ‘पाहुणे असतील तरच.’ एका भाजीपुढे लिहिलं होतं: ‘ह्यांना आवडत नाही. मला आवडते.’ त्या पानावर डाग सगळ्यात जास्त. ही भाजी ती कधी करायची? आम्हा कुणाला ती खाल्ल्याचं आठवत नाही. आम्ही शाळेत आणि आप्पा कचेरीत गेल्यावर एकटीपुरती करत असावी, असा माझा तर्क आहे, आणि या तर्काने मला तिच्या सगळ्या उपासतापासांपेक्षा जास्त बरं वाटलं.

बाकीचं मावशीकडून. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. कोयनानगर पडलं, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, पाटण खोऱ्यातली कितीतरी घरं बसली. आई तेव्हा जेमतेम अठराची. ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकलेली, पण आमच्या आवृत्तीत ती धाकट्या भावंडांना उचलून बाहेर पळते. मावशीच्या आवृत्तीतही पळते. फक्त सगळे अंगणात आल्यावर पुन्हा आत जाते, आजोबा ओरडत असताना, आणि शेजारणीकडून वाचायला आणलेली कादंबरी घेऊन येते. परत द्यायची होती म्हणून, असं तिने आजोबांना सांगितलं. मावशी म्हणते, शेवटची पन्नास पानं राहिली होती. पुढचे कितीतरी दिवस उघड्यावर झोपायचं होतं, धक्के चालूच होते, आणि ही कंदिलाखाली वाचत बसायची.

दोन्ही आवृत्त्या खऱ्या असतील. आम्हाला सांगताना तिने कादंबरी गाळली, कारण आईने मुलांना काय सांगायचं हे तिलाही साच्यातूनच ठाऊक होतं. म्हणजे हा साचा नुसता आपण मुलांनी घडवलेला नाही. बायका जिवंतपणीच त्यात स्वतःला बसवतात आणि उरलेला भाग बहिणींकडे, मैत्रिणींकडे ठेवायला देतात.

आपल्याकडे हे उरलेलं कागदावर आलं, ते फार थोड्यांचं. लक्ष्मीबाई टिळकांना त्यांच्या मुलाने, देवदत्तांनी, आठवणी लिहायला लावल्या त्या वडिलांच्या चरित्राला उपयोगी पडाव्यात म्हणून. नारायण वामन टिळकांचं चरित्र हा मुख्य बेत, आईची आठवण ही त्याची सामग्री. झालं उलटंच. त्या १९३६ मध्ये गेल्या तेव्हा ‘स्मृतिचित्रे’ मराठीतल्या उत्तम पुस्तकांत जाऊन बसलेलं होतं, आणि आज रेव्हरंड टिळक आपल्याला दिसतात ते बायकोच्या मिश्किल नजरेतून: थोर, लहरी, तापट, हातात पैसा न टिकणारे. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. घरोटं ओढता ओढता, शेतात राबता राबता त्या जे म्हणायच्या, ते मुलगा सोपानदेव आणि एक मावसभाऊ उतरवून ठेवायचे. त्या डिसेंबर १९५१ मध्ये गेल्या. नंतर वही अत्र्यांना दाखवली गेली आणि १९५२ मध्ये त्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं. सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी. आईवर त्यांनी विलापिका लिहिली असती, तर ती एखाद्या पाठ्यपुस्तकात गेली असती. त्याऐवजी त्यांनी आईचा शब्द पुढे केला. उर्मिला पवारांच्या ‘आयदान’ला तर आईच्या कामाचंच नाव आहे, विधवा आई बांबूच्या टोपल्या विणायची, त्या विणण्याशी लेकीने आपल्या लिहिण्याचं नातं जोडलं. या तिघांच्या आठवणीत शोक अगदी मागे उभा आहे.

इथे एक शंका मला स्वतःलाच येते. असं उकरून काढायचा अधिकार मुलांना आहे का? कालनिर्णयाच्या काही चौकटींत एक छोटीशी चांदणी काढलेली आहे. महिन्यातून एखादी, कधी दोन महिने नाही, मग लागोपाठ दोन. सण नाही, उपास नाही, पाळीची खूण म्हणावी तर ती फुलीने वेगळी केलेली. मावशीला विचारलं, तर ती म्हणाली, ‘‘मला माहीत असतं तरी तुला सांगितलं असतं का?’’ मी पुढे विचारलं नाही. आईला पूर्ण ओळखण्याचा हट्ट हीसुद्धा तिच्यावर मालकी सांगण्याचीच तऱ्हा आहे. तिला स्वतःचं काही होतं एवढं ठाऊक असलं की पुरे. ते काय होतं हे कळलंच पाहिजे असं नाही. मावशी भिशीचे पैसे घेऊन कुठे जाऊन आली, तेही आम्हाला अजून माहीत नाही. चार दिवस तिचा फोन बंद होता आणि परत आल्यावर गुडघा जास्त दुखत होता.

वर्षश्राद्धाला आम्ही आईच्या भिशीतल्या बायकांना मुद्दाम बोलावलं. जेवणं झाल्यावर त्या जरा अवघडून बसल्या होत्या. मग त्यांच्यातल्या एक काकू म्हणाल्या, ‘‘वहिनी नकला काय करायच्या हो!’’ आम्ही एकमेकांकडे बघितलं. नकला? आई? आम्ही तिला कधी वरच्या पट्टीत गाणं म्हणतानाही ऐकलं नव्हतं. पण भिशीचं खरं आकर्षण म्हणे तेच होतं. तलाठी, दूधवाला, गावचे सरपंच, आणि शेवटची फर्माईश ठरलेली: आप्पासाहेब. चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणारे आप्पासाहेब, भाजी बघून ‘हे काय केलंयस’ विचारणारे आप्पासाहेब. काकूंना राहवेना. त्यांनी पदर खोचला, मान तिरकी केली आणि आईने केलेली वडिलांची नक्कल करून दाखवली.

खोलीत हशा उसळला. आप्पा कोपऱ्यातल्या खुर्चीत होते. त्यांनी मान तिरकी केली, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, ‘‘हे काय भलतंच. मी असं कधीही बोलत नाही.’’