कागद नाहीं म्हणून हक्कही नाहीं काय?

गुढीपाडव्याच्या सुमारास सालगडी ठेवण्याची चाल मराठवाड्यांत व विदर्भांत कित्येक ठिकाणीं अद्यापि आहे. वर्षाचे पैसे किती, धान्य किती, उचल किती, हें चार माणसांदेखत तोंडीं ठरतें आणि त्या शब्दावर मनुष्य बारा महिने दुसऱ्याच्या शेतांत राबतो. कोणी कागद करीत नाहीं व कोणी मागतही नाहीं. कारण कागद मागणें म्हणजे समोरच्याच्या शब्दावर अविश्वास दाखविणें असें समजलें जातें. तालुक्याच्या गांवीं किराणा दुकानांत किंवा पिठाच्या गिरणींत काम करणाऱ्यांची गोष्ट बहुतेक अशीच. काम चालू आहे तोंवर कोणाचें अडत नाहीं. परंतु गड्यानें "मी आतां जातों" म्हटलें कीं, तोच मालक विचारतो, "तुझें देणें राहिलें असें कोठें लिहिलें आहे?"

हा प्रश्न वरवर कायद्याचा दिसतो, परंतु मुळांत तो नीतीचा आहे. ज्या शब्दावर भरंवसा ठेवून काम करून घेतलें, तो शब्द पैसे देण्याच्या वेळींच पोकळ कसा ठरतो? कागद हा कराराचा पुरावा होय. कागद म्हणजे करार नव्हे. १८७२ च्या करार कायद्यानेंही हेंच धरलें आहे. तोंडीं ठरलेला करार हा करारच आहे, आणि शब्दावांचून केवळ वागणुकीनें दिलेलें वचनही वचनच आहे. फुकट करण्याचा हेतु नसतां एकानें दुसऱ्याचें काम केलें व दुसऱ्यानें त्याचा लाभ घेतला, तर त्याचा मोबदला दिला पाहिजे, असें त्याच कायद्याचें ७० वें कलम सांगतें. आणि पुरावा तरी कागदावांचून नसतो असें थोडेंच आहे? हजेरीचें बुक, बँकेंत जमा झालेला पगार, उचलीची वहींतली नोंद, शेजारच्या गड्यांची साक्ष, हीं सर्व बोलतात.

यावर मालक म्हणेल कीं, त्यानें साल मोडलें, ऐन पेरणींत मला सोडून गेला, मग त्याचें देणें तरी कसलें? या तक्रारींत तथ्य नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. पेरणींत गडी गेल्याची हानि खरी असते. परंतु "साल मोडलें म्हणून सर्वच बुडालें" हा न्याय कोठवर जातो तें पाहावयाचें असल्यास इंग्लंडांतील १७९५ सालचा कटर विरुद्ध पॉवेल हा खटला पाहावा. जमेका बेटाहून लिव्हरपूलास निघालेल्या जहाजावर एका दुय्यम अधिकाऱ्यास, प्रवास पुरा केल्यास तीस गिनी देण्याचें लेखी वचन होतें. सुमारें सात आठवडे काम करून तो वाटेंतच वारला, आणि त्यानंतर एकोणीस दिवसांनीं जहाज बंदरास लागलें. त्याच्या विधवेनें निदान केलेल्या दिवसांचा तरी पगार मागितला. न्यायाधीशांनीं तोही दिला नाहीं. येथें कागद होता, आणि त्या कागदानेंच तिला बुडविलें! केलेल्या कामाचें दाम द्यावें, आणि हानि झाली असल्यास तिचा हिशेब वेगळा मांडावा, हेंच सरळ दिसतें.

उचलीची गोष्ट अधिक नाजूक. उचल घेऊन काम सोडणाऱ्यास १८५९ च्या तेराव्या कायद्याखालीं मॅजिस्ट्रेट कामावर परत जाण्याचा हुकूम करी, आणि तो न मानल्यास तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी देई. हा कायदा रद्द करण्याचें १९२५ सालीं ठरलें. पुढें १९७६ च्या कायद्यानें उचलीपायीं मनुष्यास कामावर अडकवून ठेवणें हा गुन्हा ठरविला, व तसलें कर्जच नाहींसें केलें. तरी ऊसतोडीच्या टोळ्यांत मुकादमाची उचल फिटेपर्यंत निघतां येत नाहीं, ही समजूत अजून गेलेली नाहीं. घेतलेलें शक्य तेवढें परत करावें असें प्रामाणिक मनुष्याचें मन त्यास सांगेलच. पण त्याचे पाय गहाण पडलेले नाहींत.

स्वतः होऊन जाणाऱ्याविषयीं कायद्याचीही दृष्टि हळूहळू निवळली. मालकानें काढल्यास दुसऱ्या कामाच्या दिवसाच्या आंत पगार चुकता करावा, असें १९३६ च्या वेतन कायद्यांत होतें. आपण होऊन सोडणाऱ्याचा त्या वाक्यांत उल्लेख नव्हता. २०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलांत आली, तिनें राजीनामा देणाऱ्यासही तीच दोन दिवसांची मुदत लावली. दहा किंवा अधिक माणसें असलेल्या ठिकाणीं पांच वर्षें सलग काम केलेल्यास ग्रॅच्युइटी मिळते, तीही राजीनाम्यानें बुडत नाहीं. शेवटचा महिन्याचा पगार १३,००० रुपये असल्यास त्यास २६ नीं भागून रोजचे ५०० येतात. दर वर्षाचे १५ दिवस धरले म्हणजे नऊ वर्षांचे ६७,५०० रुपये झाले. ही कांहीं बक्षिसी नव्हे. घरकाम करणाऱ्या बाईस मात्र हा दहांचा आंकडा आड येतो. वीस वर्षें भांडीं घासून ती निघाली तर तिला काय द्यावें, हें त्या घरच्या माणसांच्या मनावरच राहतें. तेथेंच आपली खरी परीक्षा आहे, असें आम्हांस वाटतें.

मग सोडून जाणाऱ्यावर कांहींच बंधन नाहीं काय? आहे. वाजवी मुदत देऊन, हातांतलें काम दुसऱ्यास समजावून, किल्ल्या व हिशेब सोंपवून जावें. याकोबानें लाबानाची वीस वर्षें चाकरी केली; करार तोंडीं, आणि मालकानें वेतन दहादां बदललें. शेवटीं तो न सांगतां निघाला. सांगितलें असतें तर रिकाम्या हातांनीं जावें लागलें असतें, अशी त्यास धास्ती होती. गडी न सांगतां पळाला म्हणून ज्या मालकास राग येतो, त्यानें सांगून गेलेल्या गड्याचा हिशेब पूर्वीं आपण कसा केला होता, तें आधीं आठवावें.

ज्यास जावयाचें आहे त्यानें जाण्याची तारीख साध्या कागदावर लिहून मालकास द्यावी, त्याची नक्कल जवळ ठेवावी, दोन माणसांदेखत राहिलेल्या दिवसांचा आंकडा सांगावा, आणि हजेरीच्या पानाचें छायाचित्र बुक हातांत आहे तोंवरच काढून ठेवावें.