बघ्यांचा अपराध

आषाढी वारीत तुकोबारायांची पालखी बारामतीचा मुक्काम हलवून इंदापूरच्या वाटेला लागते, तेव्हा काटेवाडीत तिचे स्वागत दोन आगळ्या रीतींनी होते. परीट समाजातील मंडळी धुतलेली शुभ्र धोतरे रस्त्यावर अंथरून पालखीला पायघड्या घालतात, आणि मेंढपाळ आपली मेंढरे आणून पालखीभोवती त्यांचे रिंगण करतात. पुढचे मेंढरू धावू लागले, की बाकीची सारी त्याच्या मागोमाग धावतात. आम्ही ते दृश्य पाहत उभे होतो. त्याच गर्दीत एक ओळखीच्या बाई भेटल्या. त्यांनी आम्हांला एक प्रश्न विचारला, आणि त्याचे उत्तर आम्हांला त्या दिवशी देता आले नाही. हा लेख म्हणजे ते उशिरा दिलेले उत्तर आहे.

त्यांची मुलगी नववीत शिकते. तिच्या बरोबरीच्या कोणी पोराने तिचा फोटो एका मुलाच्या फोटोशेजारी जोडला, खाली लग्नपत्रिकेचा मजकूर लिहिला, ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं’ अशी ओळही घातली आणि ती पत्रिका मित्रांच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकली. संध्याकाळपर्यंत ती दोन-तीन गावांत फिरली. मुलीने शाळेत जाणे सोडले. ती जेवेना, कोणाशी बोलेना. फिरत फिरत ती पत्रिका आमच्याकडेही आली होती. आम्ही हसलो नाही, हे खरे. ‘हे काय चालले आहे?’ असे त्राग्याने लिहून आम्ही ती आणखी दोघांना पाठवली, हेही तितकेच खरे.

बाई म्हणाल्या, “कोणी केलं ते कळलंय आम्हाला. तुम्ही बघितली होती का भाऊ, एवढंच सांगा.”

कोणी केले, हा प्रश्न पोलिसांचा आणि शिक्षकांचा. कोणी पाहिले, हा प्रश्न त्या आईचा होता. आपल्या लेकीला रस्त्याने जाताना कोणाकोणाच्या नजरेखालून जावे लागणार, याचा हिशोब ती माऊली मांडत होती. तेव्हा आमच्या लक्षात आले, की त्या मुलीची वेदना पत्रिका करणाऱ्या एका हाताने जेवढी झाली, त्याहून अधिक ती पाहणाऱ्या शेकडो डोळ्यांनी झाली. आणि त्या डोळ्यांत आमचेही दोन होते.

चिडवणे, टोपणनाव ठेवणे, एखाद्याला वाळीत टाकणे हे शाळेच्या अंगणाला नवे नाही. आमच्याही लहानपणी ते होते. मग आज वेगळे ते काय? पूर्वी शाळा सुटली, की चिडवणेही सुटत असे. घराचा उंबरा ओलांडला, की मूल सुरक्षित असे. आज तो छळ मुलाच्या खिशातून घरी येतो आणि रात्री उशीखाली थरथरतो. पूर्वी टोमणा हवेत विरून जाई. आज तो जसाच्या तसा शिल्लक राहतो आणि वर्षाने पुन्हा कोणी वर काढू शकतो. पूर्वी चिडवणाऱ्याला समोरच्याच्या डोळ्यांतले पाणी दिसे, आणि कधी कधी तो त्या पाण्यानेच थांबे. आज त्याला फक्त हसणारी चिन्हे दिसतात. क्रौर्याला आवर घालणारा समोरचा चेहराच मधून नाहीसा झाला आहे. म्हणूनच आजची मुले पूर्वीच्यांपेक्षा दुष्ट आहेत, असे आम्हांला वाटत नाही. त्यांच्या हातचे साधन अधिक आंधळे आहे, एवढेच.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ज्याने स्वतः काही रचले नाही, केवळ पाहिले किंवा पुढे पाठवले, तो अपराधी ठरतो का?

याचे अत्यंत भयानक उत्तर महाराष्ट्राला १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मिळाले. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा व्हॉट्सअॅपवरून पसरली होती. आठवड्याच्या बाजाराला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले. ती अफवा पुढे पाठवणाऱ्यांपैकी बहुतेकांनी कोणावर हात उचलला नव्हता. कित्येकांनी तर ती चांगल्या हेतूने, ‘सावध राहा’ म्हणून पाठवली असेल. पण प्रत्येकाने एकेक काडी टाकली आणि वणवा पेटला. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी संदेश पुढे पाठवण्यास बंदी केली. कंपनीने बोटाला मर्यादा घातली. बोटामागच्या मनाला ती कोण घालणार?

हेतू चांगला असला, की कृती निर्दोष ठरते, असे आपण समजतो. आम्हीही तसेच समजलो होतो. पण आमचा त्रागा आणि दुसऱ्याचे हसणे यांत त्या मुलीच्या दृष्टीने काय फरक होता? तिची पत्रिका दोन्ही हातांनी सारखीच पुढे सरकली. जेरुसलेमहून यरीहोला जाणाऱ्या वाटेवर लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या माणसाची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. वाटेच्या दुसऱ्या कडेने निघून गेलेल्या त्या दोघांनी त्याला मारले नव्हते, तरी कथा त्यांना सोडत नाही. आम्ही तर त्यांच्याही पुढे गेलो. आम्ही थांबलो, पाहिले आणि आणखी दोघांना पाहायला बोलावले.

यावर कोणी म्हणेल, की कडक कायदा करा. कायदा हवाच, पण त्याची धार कोठे लागते, तेही पाहिले पाहिजे. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळलेल्या बंदविषयी फेसबुकवर प्रश्न करणाऱ्या एका तरुणीला, आणि त्या मजकुराला केवळ पसंती दर्शवणाऱ्या तिच्या मैत्रिणीला अटक झाली. जमावाने एकीच्या काकांचा दवाखाना फोडला. त्या वेळी लावलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवून रद्द केले. ‘त्रासदायक’ या एका सैल शब्दाखाली मतभेद आणि छळ एकाच तागडीत तोलले जात होते. खाजगीपणाचा भंग, अश्लील मजकूर आणि बालकांचे अश्लील चित्रण यांविरुद्धची त्याच कायद्यातील कलमे मात्र आजही लागू आहेत, आणि ती योग्यच आहेत. पण बनावट लग्नपत्रिकेवर हसणाऱ्या शंभर जणांना कोणते न्यायालय बोलावणार? कायदा टोकाच्या दुष्कृत्याला पकडतो. रोजच्या बारीक क्रौर्याला आवर घालायचा तो आपल्यालाच.

दुसरा सोपा उपाय म्हणजे उपदेश : ‘दुर्लक्ष कर.’ तुकोबांचेच उदाहरण द्यायचे, तर मंबाजीने त्यांना काट्यांनी झोडपले आणि तरी तुकोबांनी त्याच्याविषयी मनात विष धरले नाही, असे परंपरा सांगते. पण ती क्षमा संताची होती. चौदा वर्षांच्या पोरीकडून संताच्या सहनशीलतेची अपेक्षा करणे हा तिच्यावरचा दुसरा अन्याय आहे. शिवाय ‘दुर्लक्ष कर’ म्हणताना आपण तिला बळ देत नसतो, आपल्या अंगावरची जबाबदारी झटकत असतो.

आणि तिसरा उपाय तर सर्वांत घातक : फोन काढून घेणे. ज्याचा छळ झाला, त्याच्याच हातातून वस्तू काढून घेतली, तर मूल एकच धडा शिकते, की पुन्हा काही झाले तर घरी सांगायचे नाही. मुलींच्या बाबतीत भीती याहून खोल असते. आसपासच्या गावांतून एसटीने बारामतीला शिकायला जाणाऱ्या मुलीला ठाऊक असते, की घरी हे कळले, तर फोनबरोबर पासही जाईल आणि शिक्षणाऐवजी स्थळांची बोलणी सुरू होतील. म्हणून ती गप्प राहते. छळणाऱ्याचे खरे बळ त्याच्या हुशारीत नसते. ते आपल्या घरातल्या या भीतीत असते.

तेव्हा काय करावे? मुलांना पहिल्याच दिवशी, फोन हाती देतानाच, शब्द द्यावा : “काहीही झालं तरी आधी आम्हाला सांग. तुझा फोनही जाणार नाही आणि शाळाही सुटणार नाही.” आणि तो शब्द पाळावा. छळाचा मजकूर घाईने पुसू न देता, तारीख-वेळेसह पुराव्यासाठी जपून ठेवावा. शाळेला कळवावे. प्रकरण गंभीर असेल तर पोलीस ठाण्यात किंवा केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करावी. मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे, तो घरातील प्रत्येक मुलाला पाठ असावा. ज्या मुलाने खोडी काढली, त्यालाही चव्हाट्यावर उभे करू नये. एकाच्या बदनामीवर दुसऱ्याची बदनामी हे औषध नव्हे. त्याला समोर बसवून, त्याने ज्याचा चेहरा पाहिला नाही, त्याचे दुःख त्याला ऐकवावे.

आणि आपण, जे केवळ पाहतो? आपल्यापाशी येऊन पोहोचलेली वस्तू आपल्यापाशीच संपवणे एवढे तर प्रत्येकाला शक्य आहे. त्याहून एक पाऊल पुढे म्हणजे गटावर एक वाक्य लिहिणे : “हे बरोबर नाही, काढून टाका.” रिंगणातले मेंढरू पुढच्याच्या मागे धावते, त्यात त्याचा दोष नाही. माणसाला मात्र थांबता येते.

त्या बाईंना आम्ही नंतर घरी जाऊन उत्तर दिले. “हो, बघितली होती. पुढेही पाठवली होती. चुकलंच आमचं.” त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग आत वळून लेकीला म्हणाल्या, “चहा टाक गं, पाहुणे आलेत.” मुलगी बाहेर आली. तिने आमच्याकडे पाहिले. आम्हांला तिच्याकडे पाहणे जड गेले, आणि ते तसे जड जावे, हेच योग्य होते.