घर ज्याचं, त्याचा शब्द शेवटचा

ऑक्टोबर 2006 च्या अखेरीस लोणावळ्याजवळच्या मळवली परिसरात, पाटण गावी, अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी पत्नी रोझलिन यांच्यासह घरांच्या भिंती रचत होते. सोबत देशोदेशींचे स्वयंसेवक होते आणि आठवड्याभरात शंभर घरं उभी करण्याचा संकल्प होता. मिलर्ड आणि लिंडा फुलर या दांपत्याने 1976 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात स्थापन केलेल्या ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ या संस्थेचा तो उपक्रम होता. माजी राष्ट्राध्यक्षाने मावळात येऊन गिलाव्यात हात घालावा, याचं कौतुक झालं आणि ते व्हायलाच हवं होतं. पण कौतुक ओसरल्यावर उरतो तो प्रश्न रोकडा आहे. गवंडी आणि बिगारी यांची वाण नसलेल्या देशात घर बांधायला हजारो मैलांवरून माणसं का यावीत? माझं म्हणणं असं, की अशा प्रवासातून मुख्यतः शिकतो तो जाणारा. त्यात गैर काही नाही. गैर आहे ते या शिक्षणाचा खर्च गरिबाच्या घराच्या नावावर मांडणं. या दोन गोष्टींच्या वह्या वेगळ्या ठेवल्या, तरच असं काम नैतिकदृष्ट्या टिकतं.

आधी कामाचं स्वरूप पाहू. वीटकाम बाहेरून सोपं दिसतं. वीट आधी पाण्यात भिजवावी लागते, नाहीतर ती मसाल्यातलं पाणी शोषून घेते आणि सांधा कच्चा राहतो. एकावर एक उभे सांधे येऊ द्यायचे नसतात. दर थराला सूत धरायचं, ओळंबा सोडून भिंत सरळ आहे ना ते पाहायचं, कालवलेला मसाला घट्ट व्हायच्या आत संपवायचा आणि बांधकामावर पुढे निदान आठवडाभर पाणी मारत राहायचं. हे ज्ञान हातात मुरायला वर्षं लागतात. आठ-दहा दिवसांसाठी आलेला विद्यार्थी किंवा बँकेतला अधिकारी विटा हातोहात पुढे देऊ शकतो, पाया खणू शकतो, घमेली उचलू शकतो. म्हणजे तो नेमकं तेच काम करतो, ज्याची मजुरी मिळावी म्हणून गावातली माणसं सकाळी नाक्यावर उभी असतात. त्याच्या कामावर लक्ष ठेवायला पुन्हा एक कुशल गवंडी लागतो, तो वेगळाच.

याचा हिशेब होंडुरासमध्ये मांडला गेला आहे. 1998 मध्ये ‘मिच’ चक्रीवादळाने मध्य अमेरिकेत दहा हजारांहून अधिक बळी घेतले आणि असंख्य घरं वाहून नेली. त्यानंतर उत्तर अमेरिकेतल्या चर्चमधून घरबांधणीसाठी गटच्या गट तिथे गेले. कर्ट व्हर बीक या समाजशास्त्रज्ञाने या कामाचा अभ्यास केला. स्थानिक संस्था साधारण 2,000 डॉलरमध्ये एक घर बांधत होती, तर घर बांधायला येणाऱ्या गटाचा विमानप्रवासासह खर्च 30,000 डॉलरच्या घरात जात होता. पाहुण्यांनी बांधलेल्या घरातलं कुटुंब आणि स्थानिकांनी बांधलेल्या घरातलं कुटुंब यांच्या पुढच्या आयुष्यात लक्षणीय फरक आढळला नाही. आलेल्या माणसांबद्दल लोकांच्या मनात आपुलकी होती, पण त्याच पैशात आणखी घरं झाली असती तर बरं, असंही त्यांचं म्हणणं होतं. एका प्रवासाच्या खर्चात पंधरा छपरं! ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही, त्याच्या बाजूने पाहिलं तर हा फरक किरकोळ नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. प्रवास रद्द केला म्हणून तो पैसा धनादेश होऊन होंडुरासला गेला असता का? नसताच गेला. माणूस अनुभवासाठी खिशात हात घालतो, हे मान्य करायला हवं. एकदा जाऊन आलेला माणूस पुढे आयुष्यभर देत राहतो, असाही युक्तिवाद होतो. पण व्हर बीक यांच्या पाहणीत परतलेल्यांच्या देणगीत म्हणण्यासारखी टिकाऊ वाढ दिसली नाही. आपण बदललो असं बहुतेकांना वाटत होतं, तो बदल आकड्यांत मात्र उतरला नव्हता. म्हणजे हा आक्षेप प्रवासाला सहलीच्या खर्चाइतकी मान्यता देतो, परोपकाराचं प्रमाणपत्र देत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. माणसामाणसांतला सलोखा डॉलरमध्ये कसा मोजणार? याला इतिहासाचा भक्कम आधार आहे. पहिल्या महायुद्धानंतर 1920 मध्ये स्विस शांततावादी पिएर सेरेझोल यांनी फ्रान्समध्ये व्हर्दंजवळच्या एन या उद्ध्वस्त गावी आंतरराष्ट्रीय श्रमशिबिर भरवलं. कालचे शत्रू असलेले जर्मन तरुण फ्रेंच शेतकऱ्याचा निवारा पुन्हा उभारत होते. तिथे वीट कोणाच्या हातची आहे याला खरोखरच अर्थ होता. पुढे 1934 च्या भूकंपानंतर हेच सेरेझोल बिहारमध्ये आले आणि 1937 पर्यंत पुन्हा पुन्हा येऊन मुजफ्फरपूर भागात गावांच्या पुनर्वसनासाठी राबले. म्हणून सरसकट विरोध मला पटत नाही. मात्र हा दाखला देणाऱ्याने त्याची किंमतही मोजावी. सेरेझोल यांनी त्या मातीला वर्षं दिली. याउलट, 1968 मध्ये मेक्सिकोत सेवेसाठी आलेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांसमोर विचारवंत इव्हान इलिच यांनी भाषण केलं, त्याचा आशय बोचरा होता: बघायला या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका. ज्यांची भाषा येत नाही, त्यांचं भलं कशात आहे हे आपल्याला कळतं, या समजुतीवर त्यांचा रोख होता.

इलिच यांचा मुद्दा आपल्याला परका वाटू नये. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती आणि वरची जड माळवदं कोसळून हजारो माणसं दगावली. पुढे 52 गावं नव्या जागी वसली. त्यांतली बरीच घरं देणगीदार संस्था आणि ठेकेदार यांनी आखली आणि बांधली. सरळ रेषेतले रुंद रस्ते आणि एकसारखी घरं कागदावर नीटनेटकी होती; पण गुरं कुठे बांधायची, कडबा कुठे रचायचा, भावकी शेजारी-शेजारी कशी राहणार, याचा विचार अनेक ठिकाणी राहून गेला. त्याच कार्यक्रमात लाखावर घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण मात्र घरमालकांनी स्वतः केलं. सरकारने हप्त्यांनी पैसे आणि अभियंत्यांचा सल्ला दिला. भिंतीची दोन्ही अंगं बांधून ठेवणारा आरपार दगड का घालायचा, हे गावातल्या गवंड्याला कळलं आणि ते ज्ञान गावातच राहिलं. 2001 च्या भूकंपानंतर गुजरातनेही मुख्यतः हीच वाट धरली. घर टिकतं ते सिमेंटइतकंच राहणाऱ्याच्या निर्णयामुळे, हा या अनुभवाचा अर्थ.

हॅबिटॅटच्या मूळ कल्पनेतही हे शहाणपण होतं. त्या रीतीत घर फुकट मिळत नाही. कुटुंब स्वतः श्रम करतं, नफा न घेता दिलेलं कर्ज फेडतं आणि त्या परतफेडीतून पुढची घरं होतात. त्यामुळे कुटुंबाची मान ताठ राहते. या व्यवस्थेत परदेशी स्वयंसेवक आला, गवंड्याच्या हाताखाली बिगारी म्हणून राबला, तर बिघडत काहीच नाही. आपल्याकडे बाबा आमटे यांच्या सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीत तरुण जातात, तेव्हा घडायचं आहे ते त्यांनी स्वतः, हे कोणी लपवत नाही. परदेशी घरबांधणीच्या जाहिरातीत हाच प्रामाणिकपणा हवा.

आज अमेरिकेत वाढणारी मराठी मुलंही महाविद्यालयीन प्रवेशाच्या अर्जात अशा कामाची नोंद करतात आणि आपल्या शहरांतले तरुणही परदेशी स्वयंसेवेच्या जाहिराती वाचत असतात. त्यांना आणि त्यांच्या पालकांना एवढंच सांगणं आहे: जरूर जा, पण पैसे भरण्याआधी संस्थेला चार प्रश्न विचारा. घराचा आराखडा कोणी ठरवला? माझ्या शुल्कातले किती पैसे घरात जातात आणि किती प्रवासात? माझ्यामुळे कोणाची मजुरी बुडते का? मी परतल्यावर गळणाऱ्या छपराची तक्रार त्या कुटुंबाने कोणाकडे करायची? उत्तरं सरळ मिळाली, तर पिशवी भरा. टाळाटाळ झाली, तर तिकिटाचे पैसे घर बांधणाऱ्या स्थानिक संस्थेला पाठवा.