दोघे वाचले, असे म्हणताना

28 जानेवारी 2023 रोजी, शनिवारी सकाळी, ग्वाल्हेरच्या हवाई तळावरून दोन लढाऊ विमाने नेहमीच्या सरावासाठी उडाली. एक सुखोई-30, त्यात दोघे वैमानिक. दुसरे मिराज-2000, त्यात एकच. आकाशात ती एकमेकांवर आदळली. मुरैना जिल्ह्यात पहाडगढच्या डोंगराळ रानात अवशेष कोसळले, काही तुकडे तर राजस्थानात भरतपूर जिल्ह्यात जाऊन पडले. सुखोईतील दोघे हवाई छत्रीने उतरले व वाचले. मिराजमधील विंग कमांडर हनुमंतराव सारथी मृत्यू पावले. ते बेळगावचे.

इंदूरहून ही जागा दूर खरी. पण महू आम्हांला जवळ आणि सैन्यातली माणसे आमच्या मंडळीत पूर्वीपासून आहेत. त्या आठवड्यातील घरगुती प्रार्थनासभेत एका बंधूंनी दोघांचे प्राण राखल्याबद्दल देवाचे आभार मानले. आम्ही सर्वांनी मोठ्याने आमेन म्हटले. पुढे चहाच्या वेळी आमच्यापैकीच कोणीतरी म्हणून गेले, "देव तारी त्याला कोण मारी!" कोपऱ्यात बसलेल्या एका वृद्ध भगिनींनी कपबशी खाली ठेवली. त्यांचा मुलगा फार वर्षांपूर्वी सैन्यात, सरावातच गेलेला. त्या म्हणाल्या, "मग आमच्या पोराला त्यानं का नाही तारलं, तेही सांगा की, भाऊ."

कोणी काही बोलले नाही. बिस्किटांची ताटली मात्र पुन्हा एकदा फिरली.

वाचकहो, तेव्हापासून हा प्रश्न आमच्या मनातून जात नाही. जो स्वतः मरणाच्या दारातून परतला, त्याने "देवाने मला राखले" म्हणावे. ती त्याची साक्ष आहे आणि ती त्याच्याकडून काढून घेण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण तेच वाक्य घरात सुखरूप बसून आम्ही उच्चारतो, तेव्हा ती साक्ष राहत नाही, तो हिशेब होतो. दोन नावे जमेला, एक खर्ची. आणि हिशेब मांडला की बेरीज कोणाच्या तरी आईला ऐकू जातेच. "त्याची वेळ भरली होती" हे आमचे दुसरे आवडते वाक्य. त्याने दुःखिताचे समाधान क्वचितच होते. आमची मात्र सुटका होते.

शिवाय हा हिशेब जुळतही नाही. 23 मे 2017 रोजी तेजपूरहून असेच एक सुखोई सरावासाठी निघाले. हवा वाईट, खाली डोंगर आणि दाट अरण्य. अवशेष सापडण्यास तीन दिवस लागले. त्यातील दोघेही गेले. विमान त्याच जातीचे, सरावही नेहमीचाच. एकीकडे दोघे राहिले, दुसरीकडे दोघेही गेले, यावरून देवाची आवडनिवड वाचू पाहणाऱ्याने ती कोणत्या लिपीत लिहिली आहे ते आधी सांगावे. लूककृत शुभवर्तमानाच्या 13 व्या अध्यायात शिलोहाचा बुरूज पडून मेलेल्या अठरा जणांची गोष्ट आहे. ते इतरांहून अधिक अपराधी होते काय, असे प्रभूने स्वतःच विचारले आणि नाही असे उत्तरही दिले. बुरूज का पडला हे त्याने सांगितलेच नाही. पश्चात्तापाचा विषय काढून ऐकणाऱ्यांनाच आपल्याकडे पाहायला लावले.

इथे एक जुनी हकिगत आठवते. इंग्लंडात जेम्स मार्टिन नावाचे विमाने बांधणारे गृहस्थ होते. त्यांचे भागीदार व मित्र कॅप्टन व्हॅलेंटाइन बेकर 1942 साली त्यांच्याच नव्या विमानाची चाचणी घेताना इंजिन बंद पडून मरण पावले. मार्टिन यांचे लक्ष त्यानंतर वैमानिकाचा जीव वाचवण्याकडे लागले. संकटात वैमानिकाला खुर्चीसकट बाहेर फेकणारे साधन त्यांच्या कारखान्यात तयार झाले. त्या खुर्च्यांनी आजवर सात हजारांहून अधिक वैमानिकांचे प्राण वाचवले आहेत. मिराजमधली खुर्चीही त्याच घराण्यातली. म्हणजे सात हजारांना उपयोगी पडलेली वस्तू त्या सकाळी एकाला उपयोगी पडली नाही. याचे कारण उंची, वेग, धडकेची जागा यांत कुठेतरी असेल. ते शोधणे चौकशी करणाऱ्यांचे काम, आणि ते धार्मिक वाक्याने झाकू नये.

मग आभार मानूच नयेत काय? मंडळीतील एका वडीलधाऱ्यांनी आम्हांला हेच विचारले, जरा रागानेच. मानावेत. पण गेलेल्याचे नाव घेतल्यावाचून राहिलेल्यांचे नाव घेऊ नये, एवढे आम्ही ठरवले. पुढच्या सभेत प्रथम सारथी यांचे नाव घेतले, मग बेळगावातील त्यांच्या घरच्यांसाठी प्रार्थना केली, मग त्या दोघांसाठी.

सभा संपल्यावर आम्ही त्या भगिनींजवळ जाऊन बसलो आणि त्यांच्या मुलाचे नाव विचारले. इतकी वर्षे त्या आमच्यात येत होत्या, पण ते आम्हांला ठाऊक नव्हते. त्यांनी नाव सांगितले. मग तो लहानपणी सायकल कशी शिकला ते सांगू लागल्या. चहा त्या दिवशी उशिरा झाला.